लक्षण, काळ आणि साक्षीदार : कामातुरतेच्या सापेक्षनिदानाचा एक वाङ्मयीन विचार

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, इतरत्र न बसणाऱ्या लैंगिक विकारांची उदाहरणे देताना, एका नाट्यपात्राचे नाव येते. एकामागून एक व्यक्ती जिंकत जाणे, त्या व्यक्तींना केवळ वापरावयाच्या वस्तू मानणे आणि आपल्याच या वर्तनक्रमाचा आपल्याला क्लेश होणे, या अवस्थेला तेथे 'डॉन जुआनिझम' म्हटले आहे. स्त्रियांसाठी शेजारीच 'निम्फोमेनिया' हा जुना शब्द ठेवला आहे. एक नाव रंगभूमीवरून आलेले, दुसऱ्याच्या मुळाशी ग्रीक पुराणकथांतील वनदेवता. वैद्यकाला स्वतःचा शब्द सापडला नाही तेव्हा त्याने साहित्याकडून उसना घेतला, एवढ्यावर समाधान मानून तौलनिक अभ्यासक येथे थांबू शकेल. परंतु ही उसनवारी फसवी आहे. तिर्सो दे मोलिनाच्या स्पॅनिश नाटकातील, मोलिएरच्या १६६५ मधील नाटकातील किंवा मोझार्टच्या १७८७ मधील संगीतिकेतील डॉन जुआनला आपल्या वर्तनक्रमाचा क्लेश कधी होतो? मोलिएर आणि मोझार्ट यांच्या नायकाला पश्चात्तापाची संधी वारंवार दिली जाते आणि ती तो धुडकावतो. तिर्सोच्या नायकाला तर 'अजून पुष्कळ अवकाश आहे' असेच वाटत राहते. ज्याच्या नावाने विकार ओळखला गेला, त्यालाच तो विकार लागू पडत नाही.

हा केवळ गमतीचा विरोधाभास नव्हे. पात्राच्या वर्तनाचे एक दृश्य उचलावयाचे, त्यावरून विकाराचे नाव ठरवावयाचे आणि ते नाव पुन्हा पात्रावर चिकटवावयाचे, ही मनोविश्लेषणात्मक समीक्षेत रुळलेली रीत येथे उघडी पडते. मराठीतही ती अपरिचित नाही. 'वासनाविकृती', 'कामविकृती' हे शब्द समीक्षेत इतक्या सहजपणे वापरले जातात की, त्यांखाली नेमके काय येते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मनोविकारशास्त्रात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कारण तेच बाह्य वर्तन अनेक विकारांत दिसते. उन्मादाच्या झटक्यात ते दिसते, मेंदूच्या पुढील भागाचा ऱ्हास घडवणाऱ्या स्मृतिभ्रंशात दिसते, कंपवातावरील डोपामिनसदृश औषधांचा दुष्परिणाम म्हणूनही दिसते. आणि यांपैकी काहीच नसताना स्वतंत्रपणेही दिसते. आयुर्वेदाच्या परिभाषेत ज्याला सापेक्षनिदान म्हणतात, ते येथे अटळ ठरते.

वैद्यकाचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत डळमळीत आहे. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत 'लैंगिक व्यसन' हा शब्दप्रयोग आला, १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत तो गेला. मार्टिन काफ्का यांनी २०१० साली मांडलेला 'अतिलैंगिकता विकार' हा प्रस्ताव २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये मान्य झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या 'आयसीडी-११' या वर्गीकरणात 'सक्तीच्या लैंगिक वर्तनाचा विकार' स्वतंत्रपणे नोंदवला आहे. त्याची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. नावात 'सक्ती' असूनही हा विकार मंत्रचळाच्या, म्हणजे नको असलेले विचार आणि ते शमवण्यासाठी केलेल्या निरर्थक कृती यांच्या वर्गात नाही; तो आवेगनियंत्रणाच्या विकारांत आहे. मंत्रचळातील कृतीत मुळात सुख नसते, भीतीपासून घटकाभराची सुटका असते. येथे आरंभी तरी सुख असते आणि पुढे ते आटले तरी कृती थांबत नाही.

या वर्गीकरणातील तीन अटी साहित्याच्या अभ्यासकाने जवळून पाहाव्यात अशा आहेत. पहिली, हा वर्तनक्रम दीर्घकाळ, साधारणतः सहा महिने किंवा अधिक, टिकलेला असावा. दुसरी, त्यामुळे प्रकृती, जबाबदाऱ्या किंवा नातेसंबंध यांची प्रत्यक्ष हानी झालेली असावी, अथवा तीव्र क्लेश झालेले असावेत. तिसरी, हे क्लेश केवळ नैतिक अपराधभावातून आलेले असतील, तर तेवढ्याने निदान करू नये. पहिली अट काळाविषयी आहे, दुसरीची खातरजमा करावयाची तर इतरांची साक्ष काढावी लागते आणि तिसरी निवेदकाच्या स्वतःविषयीच्या निवाड्यावर अविश्वास दाखवते. कथनमीमांसेचा अभ्यासक हे तिन्ही प्रश्न नित्य हाताळत असतो. फक्त ते निदानाचे प्रश्न आहेत, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न वेगळ्या अंगाने उपस्थित झालेला आहे. कामसूत्राच्या पारदारिक अधिकरणात कामाच्या दहा अवस्था क्रमाने सांगितल्या आहेत. नेत्रप्रीतीपासून सुरुवात होऊन निद्रानाश चौथा येतो, कृशता पाचवी, लज्जानाश सातवा, उन्माद आठवा आणि मरण दहावे. चरकसंहितेतही काम, शोक, भय आणि क्रोध यांपासून उत्पन्न होणारा ज्वर सांगितला आहे. या दोन्ही मांडणींत काम हे कारण आहे आणि व्याधी हे कार्य. आधुनिक मनोविकारशास्त्रात, निदान द्विध्रुवी विकाराच्या बाबतीत, बाण उलट्या दिशेने जातो. तेथे उन्माद आधी येतो आणि झोप उडणे, लाज सुटणे, कामेच्छा उसळणे ही त्याची लक्षणे म्हणून मागाहून येतात. लक्षणांची यादी जवळजवळ तीच राहते, क्रम उलटतो. मग फरक ओळखावा कसा? कामसूत्रातील अनिद्र प्रेमिक कृश होतो, खंगतो. उन्मादाच्या झटक्यातील माणूस दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना असतो आणि आपण कधी नव्हे इतके निरोगी आहोत, असे त्याला वाटते. म्हणून अनुभवी वैद्य रुग्णाला झोप लागते का, एवढेच विचारून थांबत नाही. झोपेवाचून थकवा येतो का, हेही विचारतो.

एवढी तयारी झाल्यावर वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीकडे वळता येते. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या या कृतीवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे लेखन 'भोगवाद विरुद्ध संयम' या एका सूत्राभोवती फिरते. खुद्द खांडेकरांनीच ययातीला आधुनिक सामान्य माणसाचा प्रतिनिधी ठरवल्याने समीक्षकांचे काम सोपे झाले, असे म्हणावे लागते. परंतु महाभारताच्या आदिपर्वातील ययाती या कादंबरीशेजारी ठेवला की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पुरूचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग भोगणारा महाकाव्यातील ययाती त्याच काळात यज्ञांनी देवांना, श्राद्धांनी पितरांना आणि दानाने दीनांना तृप्त करतो. प्रजेचे पालन नीट करतो, दस्यूंना आवरतो. त्याची कोणतीही जबाबदारी सुटत नाही. भोगाने वासना शमत नाही हा निष्कर्षही तो ठरलेली मुदत संपल्यावर, जवळजवळ प्रयोगाचा अहवाल द्यावा तसा, काढतो आणि तारुण्य परत करतो. मुदत पाळता येणे हेच नियंत्रणाचे लक्षण आहे. दुसरी अट येथे पुरी होत नाही आणि पहिली सहस्र वर्षांनी भरून निघाली तरी उपयोग नाही. व्यासांचा ययाती अतृप्त आहे, रुग्ण नाही.

खांडेकरांनी केलेला बदल नेमका या जागी आहे. त्यांचा ययाती राज्यकारभार देवयानीवर टाकून अनेक वर्षे अशोकवनात राहतो. मद्य आणि नित्य नवी स्त्री यांच्यात बुडूनही त्याला सुख मिळत नाही आणि न मिळणाऱ्या सुखामागची धाव थांबत नाही. हानी, पुनरावृत्ती, आटत जाणारे समाधान, ही लक्षणे कादंबरीकाराने वर्गीकरणाच्या साठ वर्षे आधी अचूक टिपली आहेत. शिवाय त्यांच्यामागची चालक शक्ती काय, हेही त्यांना दिसले होते. ती शक्ती कामवासनेपेक्षा मृत्यूची भीती आहे. पित्याच्या, नहुषाच्या, मृत्युशय्येपाशी ययातीला प्रथम ग्रासणारे भय आणि पुढे माधवसारख्या मित्राच्या मृत्यूने पुन्हा उसळणारे तेच भय, यांच्या पाठोपाठ तो स्त्रीदेहाकडे धावतो. चिंता, एकाकीपणा, विषण्णता यांच्यावरचा उतारा म्हणून लैंगिक वर्तनाचा आश्रय घेतला जातो, हे आजचे वर्गीकरणही नमूद करते. ययातीला 'भोगवादी' म्हणणाऱ्या समीक्षेला हे भय केवळ कथानकातील एक प्रसंग वाटले, याचे आश्चर्य वाटते. भोगवाद्याला मुळात सुखाची गोडी असावी लागते.

आता सापेक्षनिदानाचा प्रश्न. ययातीचे वर्तन उन्मादासारखे दिसत नाही का? अपव्यय आहे, स्वैरता आहे, परिणामांची पर्वा नाही. येथे कादंबरीची रचना मदतीला येते. ती तीन निवेदकांची आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. कादंबरीच्या या तंत्राची चर्चा बहुधा 'अनेक दृष्टिकोन' या अंगाने होते. मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र याच गोष्टीला व्यावहारिक मोल आहे. रुग्णाची हकीकत नातेवाइकांकडून पडताळून घेतल्याशिवाय कोणताही जाणता डॉक्टर द्विध्रुवी विकार नाकारत नाही किंवा स्वीकारत नाही. देवयानीची साक्ष अहंकाराने आणि कचाविषयीच्या अपुऱ्या प्रेमाने रंगलेली असली, तरी पितृकुलात भोगलेल्या अनर्थामुळे मद्याविषयी तिला वाटणारी घृणा ययातीच्या निवेदनात न येणारी वैवाहिक बाजू उघड करते. शर्मिष्ठेची साक्ष अधिक मोलाची आहे. तिच्या निवेदनातून एक असा काळ दिसतो की, ज्यात ययाती एका स्त्रीच्या प्रेमात स्थिर, कोमल आणि तृप्त होता. अनिर्बंध धाव तिच्या वियोगानंतरची आहे. म्हणजे हा क्रम वर्षानुवर्षांचा असला तरी त्याला आरंभ आहे आणि त्या आरंभाला शोकाचे कारण आहे. उसळून आपोआप ओसरणारे झटके येथे नाहीत. अल्प झोपेतही टिकणारा उत्साह नाही, विचारांची धावपळ नाही, आपण सर्वसमर्थ आहोत असा भ्रम नाही. उलट ययाती आपल्या दुबळेपणाविषयी अखंड बोलतो.

असा भ्रम त्याच्या पित्याच्या कथेत मात्र आहे. महाभारतातील नहुषाला अकस्मात इंद्रपद मिळते. तो शचीची मागणी करतो, ऋषींना पालखीला जुंपतो आणि अगस्त्यांना लाथ मारतो. अकस्मात आलेला मोठेपणाचा कैफ, निषिद्ध स्त्रीची मागणी, अनावर चिडखोरपणा आणि एका प्रसंगात होणारा अंत, हे सगळे एका 'झटक्या'च्या आकाराचे आहे. नहुषाला विकार होता, असा याचा अर्थ नव्हे. पुराणपुरुषाला औषध लिहून देण्याचा मोह आवरलेलाच बरा. मुद्दा कथेच्या आकाराचा आहे. पित्याची कथा झटक्याची आहे, पुत्राची कथा क्रमाची. खांडेकरांनी 'नहुषाची मुले कधीच सुखी होणार नाहीत' या शापाने दोन्ही आकार एका वंशात बांधले आणि थोरला मुलगा यती यालाही त्याच शापाखाली आणले. स्त्रीद्वेष्टा तपस्वी म्हणून वाढलेल्या यतीचे मन पुढे ढळते. एका भावाची स्त्रीकडे धाव आणि दुसऱ्याची स्त्रीपासून धाव यांत समीक्षेने आजवर प्रतीकात्मक तोल पाहिला. वस्तुतः हे दोन निराळ्या जातींचे विकार शेजारीशेजारी ठेवून दाखवणे आहे. आणि कादंबरीला त्यांतील फरक कळतो, तिच्या भाष्यकारांना कळत नाही.

फिलिप रॉथ यांची 'पोर्टनॉयज कम्प्लेंट' (१९६९) ही कादंबरी विकाराच्या व्याख्येनेच सुरू होते. आरंभी एखाद्या वैद्यकीय कोशातील वाटावी अशी नोंद आहे. प्रबळ नैतिक प्रेरणा आणि तीव्र लैंगिक इच्छा यांच्या अखंड झगड्याला डॉ. स्पीलफोगेल यांनी नायकाचे नाव दिले आहे, असे ती सांगते. त्यानंतर तेहतीस वर्षांच्या अलेक्झांडर पोर्टनॉयचे प्रदीर्घ स्वगत येते. शेवटी डॉक्टर एकच वाक्य बोलतात आणि त्याचा आशय असा की, आता कामाला सुरुवात करता येईल. निदान पहिल्या पानावर आणि उपचारांचा आरंभ शेवटच्या ओळीत, या रचनेतील उपहास अनेकांनी दाखवला आहे. परंतु वरील तिसरी अट लावून पाहिली की उपहासाची धार वेगळीच लागते. पोर्टनॉयचा सारा क्लेश अपराधभावाचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनात तो मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याचे सार्वजनिक काम निर्वेध चालले आहे. साक्षीदार म्हणावा तर कोणी नाही. आई, वडील, प्रेयसी सगळ्यांचे बोलणे त्याच्याच तोंडून येते. नैतिक निवाड्यातून आलेला क्लेश निदानास अपुरा आहे, हा नियम पाळावयाचा तर पहिल्या पानावरील नोंद रद्द करावी लागेल. रॉथ यांनी विकार शोधून काढलेला नाही. माणूस स्वतःच्या लाजेला विकाराचे रूप कसे देतो, हे दाखवले आहे.

भारतीय दवाखान्यात या प्रकारचा रुग्ण नवा नाही. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिलेल्या अवस्थेत तरुण वीर्यनाशाच्या भीतीने आणि पापभावनेने खंगलेला असतो. आपल्या हातून 'अति' होते, असे तो सांगतो. प्रत्यक्षात अति काहीच नसते. त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवून सक्तीच्या लैंगिक वर्तनाचे निदान केले, तर त्याच्या भीतीवर वैद्यकाची मोहोर उमटते.

उलट्या टोकाचे उदाहरण जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' (२०१२) या इंग्रजी कादंबरीत आहे. ती शांता गोखले यांच्या अनुवादाने मराठीत 'एम आणि हूमराव' या नावाने आली आहे. माहीमच्या लहानशा घरातील गोवेकर कॅथलिक कुटुंब, द्विध्रुवी विकाराने ग्रासलेली आई आणि तिची हकीकत सांगणारा मुलगा, अशी तिची मांडणी आहे. एम आपल्या मुलांशी लैंगिक विषयांवर इतके मोकळे आणि चावट बोलते की, शेजारपाजारच्या माणसाने तिला सरळ 'चवचाल' ठरवावे. कादंबरी मात्र वाचकाला घाई करू देत नाही. ती बोलणे आणि वागणे यांत फरक करते. एमची जीभ सुटते तेव्हा शब्दांवरच्या कोट्या, विषयांतरे, विड्यांचा धूर आणि न संपणारी बडबड हेही बरोबर असते. आणि मग ते सारे मावळून जगणे नकोसे करणारा काळोख येतो. लक्षण एकटे येत नाही, सोबत्यांसह येते आणि सोबत्यांसह जाते. हे ज्याला दिसू शकते तो मुलगा वर्षानुवर्षे त्याच घरात राहिलेला आहे. एम स्वतः निवेदक असती, तर वाचकाला एक विलक्षण विनोदी आणि बेधडक स्त्री भेटली असती. आजार कदाचित भेटला नसता. पोर्टनॉयजवळ स्वतःखेरीज साक्षीदार नाही, येथे साक्षीदाराखेरीज कोणी नाही आणि 'ययाति'त दोन्ही आहेत.

दवाखान्यात या फरकाची किंमत मोजावी लागते. द्विध्रुवी विकाराच्या रुग्णाला केवळ 'व्यसनी' समजून, मनोवस्था स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, नैराश्यविरोधी औषध दिले तर उन्माद भडकण्याचा धोका असतो. कंपवाताच्या रुग्णाची औषधे तपासण्याऐवजी त्याला उपदेश केला जातो. दुसरीकडे, सत्तेचा आणि संपत्तीचा गैरवापर करणारे पुरुष उघडे पडल्यावर 'मला विकार आहे' असे सांगू लागतात. जगभर २०१७ नंतर अनेक स्त्रियांनी आपले अनुभव उघडपणे मांडले, तेव्हा असे दावे वारंवार ऐकू आले. शिकार निवडता येणे, साक्षीदार टाळता येणे आणि वर्षानुवर्षे गुप्तता राखता येणे यांतून नियंत्रण गमावल्याचा नव्हे, बाळगल्याचाच पुरावा मिळतो. डॉन जुआनचे नाव विकाराला देण्यातला खरा धोका तो हाच.

मराठीचा स्वतःचा शब्दसंग्रह या बाबतीत उद्बोधक आहे. 'चळ' हा एकच शब्द मंत्रचळातही आहे आणि म्हातारचळातही. यांपैकी पहिला शब्द आज वैद्यकीय लेखनात आदराने वापरला जातो. दुसरा अद्याप चेष्टेचा आहे, आणि तो चेष्टेचा राहिल्याने एक आजार झाकला जातो. आयुष्यभर मर्यादेने वागलेला वृद्ध अचानक अश्लील बोलू लागतो, परक्या स्त्रीच्या अंगाला हात लावतो. त्याबरोबर खाणे बदलते, दुसऱ्याच्या भावना कळेनाशा होतात, स्मरण मात्र बरेचसे शाबूत असते. घरातील माणसे लाजेने त्याला खोलीत बसवतात आणि म्हातारचळ लागला म्हणतात. मेंदूच्या पुढील भागाचा हा ऱ्हास असू शकतो, असे त्या शब्दातून कोणाच्या मनात यावे तरी कसे? १९९२ च्या 'आयसीडी-१०' मध्ये तर स्पष्ट सूचना होती की, अशी कामेच्छा स्मृतिभ्रंशाच्या आरंभी दिसली, तर नोंद मूळ व्याधीची करावी.

याचा अर्थ मराठी साहित्यातील प्रत्येक कामातुर वृद्धाला रुग्ण ठरवावे असा नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मधील भुजंगनाथाला 'म्हातारचळ लागला' असे प्रेक्षक हसत म्हणत आले आहेत. पण त्याच्या वर्तनात आयुष्यक्रमाशी विसंगत असे काही नव्याने आलेले नाही. त्याच्या वर्गाच्या पुरुषांना तेव्हा जे करता येत होते तेच तो करतो आहे. वय लपवणे त्याला सुचते, भद्रेश्वरासारखा मध्यस्थ त्याला सापडतो आणि कांचनभटाशी पैशाचा व्यवहार तो शांतपणे ठरवतो.